झाडीचे पाणी

वैनगंगा ओलांडून साकोली-लाखांदूरच्या बाजूला गेलात की आपला मुलूख कोणता, याचे उत्तर कुणीही ‘झाडीपट्टी’ असेच देईल. तिथली बोली झाडीबोली आणि तिथले नाटक झाडीपट्टीचे. उरलेल्या महाराष्ट्राला मात्र भंडारा माहीत आहे तो तळ्यांचा जिल्हा म्हणून. एकाच भूमीला एक नाव झाडांवरून पडले आणि दुसरे पाण्यावरून. या दोन नावांचा एकमेकांशी नेमका संबंध काय, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

विषय सोपा वाटेल. जंगल असले की पाणी असते, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. वनमहोत्सवात भाषण करणाऱ्याने हे वाक्य टाळलेले मी अजून पाहिलेले नाही. पण कोका अभयारण्यातले एक हेक्टर जंगल वर्षाला किती पाणी देते, कुणाला देते आणि कोणत्या महिन्यात देते, असे विचारले की मंडपात शांतता पसरते. हा हिशेब मांडण्याचे शास्त्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बरेच पुढे गेले आहे. संगणकावर जंगलाचे, मातीचे आणि पावसाचे गणिती प्रारूप उभारायचे, त्यात नकाशे भरायचे आणि पाण्याचा आकडा काढायचा, अशी त्याची रीत. पुढची प्रकरणे त्या रीतीने भंडाऱ्याकडे पाहतात. त्याआधी ही रीत कुठे खरी ठरते आणि कुठे फसते, ते सांगणे मला जरुरीचे वाटते, कारण आकडा एकदा छापला गेला की त्याच्या मागच्या अटी कुणी वाचत नाही.

निसर्ग माणसाला जे देतो त्याला ‘परिसंस्था सेवा’ म्हणायची चाल 1997 च्या सुमारास रुजली. त्या वर्षी रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साऱ्या पृथ्वीच्या अशा सेवांची डॉलरमध्ये किंमत मांडली आणि त्यावर भरपूर वाद झाला. 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या सहस्रक परिसंस्था मूल्यांकनाने हा शब्द सरकारी फायलींत पोहोचवला. ‘सेवा’ हा शब्द मला स्वतःला फारसा आवडत नाही. जंगल कुणाच्या नोकरीत नाही. पण आता तो रुळला आहे, म्हणून मीही वापरतो.

आता प्रारूपाकडे. पाणीपुरवठ्यासाठी बरेच वापरले जाते ते ‘इनव्हेस्ट’ नावाचे साधन. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या नॅचरल कॅपिटल प्रोजेक्टने ते तयार केले आणि ते फुकट मिळते. त्याच्या पोटात असलेली कल्पना मात्र जुनी आहे, मिखाईल बुडिको या सोव्हिएत हवामानशास्त्रज्ञाची. ती आपल्या भाषेत सांगायची तर अशी: पडलेल्या पावसाला दोन वाटा. काही पाणी झाडे, माती आणि ऊन मिळून परत हवेत उडवतात. उरलेले ओढ्याला, नदीला किंवा भूगर्भाला मिळते. किती उडेल हे दोन गोष्टींवर ठरते. पाऊस किती पडला ही एक, आणि हवेला तहान किती आहे ही दुसरी. चीनच्या फू बाओपू यांनी 1981 मध्ये या कल्पनेला एक सुटसुटीत सूत्र दिले. पुढे त्यात जमिनीची पाणी धरून ठेवण्याची ताकद आणि मुळांची खोली यांचाही शिरकाव झाला.

उदाहरणादाखल आकडे घालून पाहू. हे कुठे मोजलेले नाहीत, केवळ सूत्र कसे चालते ते दाखवायला घेतले आहेत. आपल्याकडे वर्षाला साधारण 1300 मिलिमीटर पाऊस पडतो असे धरू. एका हेक्टरवर तो 1 कोटी 30 लाख लिटर होतो. खोल मुळांचे दाट जंगल असेल आणि हवेची तहान पावसाच्या सव्वापटीपेक्षा थोडी कमी धरली, तर सूत्र सांगते की जवळपास 980 मिलिमीटर उडून जाईल आणि 320 उरतील. तिथेच जंगल काढून उथळ मुळांचे पडीक माळरान केले, तर निम्मा पाऊस उडेल आणि निम्मा, म्हणजे 650 मिलिमीटर, उरेल.

हे वाचून दचकायला हवे. जंगल काढले की पाणी दुप्पट झाले! पहिल्यांदा हे गणित कागदावर करताना मी तीनदा आकडे तपासले होते. चूक नव्हती. जगभर झालेली मोजणीही साधारण हेच सांगते. शेजारशेजारचे दोन ओढे निवडायचे, एकाच्या पाणलोटातली झाडे तोडायची, दुसऱ्याची राखायची आणि वर्षानुवर्षे दोघांचे पाणी मोजायचे, असे प्रयोग विसाव्या शतकात पुष्कळ झाले. 1982 मध्ये बॉश आणि ह्युलेट यांनी अशा 94 पाणलोटांचा आढावा घेतला. झाडे कमी झाली की ओढ्याचे वर्षभराचे एकूण पाणी वाढते, असेच त्यांना बहुतेक सगळीकडे दिसले. आपल्या देशातला दाखला निलगिरी पर्वतातला. उटीच्या मृद व जलसंधारण संशोधन केंद्राने गवताळ पाणलोटात निलगिरीची झाडे लावली, तेव्हा पहिल्याच तोडफेरीत ओढ्याचे पाणी सुमारे 16 टक्क्यांनी घटले. दक्षिण आफ्रिकेत तर 1995 पासून सरकार माणसे लावून परदेशी झाडे कापते आहे, नद्यांना पाणी मिळावे म्हणून.

म्हणजे वनमहोत्सवातले ते वाक्य खोटे? वर्षाच्या एकूण बेरजेपुरते बोलायचे तर बऱ्याच अंशी खोटेच. पण भंडाऱ्यात पाण्याची बेरीज वर्षाची कुणी करत नाही. इथली बेरीज नक्षत्रांनी होते.

हलका धान असेल तर गोष्ट निराळी. भारी धानाला मात्र रोवणीपासून निसवेपर्यंत बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, पाणी उभे लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत, पोळ्यानंतर, पाऊस दडी मारतो. हस्ताने दगा दिला तर लोंबीत दाणा भरत नाही. आषाढात बांधीचे धुरे फोडून वाहिलेल्या पाण्याचा त्या दिवशी काय उपयोग? साकोलीकडच्या एका तलावाच्या पाळीवर बसून एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला हे एका वाक्यात सांगितले होते: “झाडीचं पानी मांगून येते, पन पुरते.” मागून येते म्हणजे पाऊस थांबल्यावर येते. सूत्राला हे ‘मागून’ माहीत नाही. त्याच्या लेखी पाणी आषाढातले असो की कार्तिकातले, मिलिमीटर तेवढेच.

ते मागून का येते, हे पाहायला संगणक लागत नाही. रॉकेलचा जुना पत्र्याचा डबा घ्या, दोन्ही तोंडे कापा आणि चार बोटे जमिनीत ठोका. ऐनाखाली, जिथे पाचोळ्याचा थर शाबूत आहे, तिथे तांब्याभर पाणी ओतले की ते तुमच्या डोळ्यांदेखत नाहीसे होते. डब्यात पाहावे तर खाली ओला पाचोळा आणि वाळवीने पोखरलेली भुसभुशीत माती. तोच डबा गुरांच्या वाटेवर ठोका. आधी तो जमिनीत शिरतच नाही, दगडाने बडवावा लागतो. मग ओतलेले पाणी तसेच उभे राहते, त्यात आभाळ दिसते, आणि तंबाखू मळून होईपर्यंत ते तसेच असते. दोन जागांत अंतर असते पन्नास पावलांचे. वनखात्याच्या नकाशावर दोन्ही ‘जंगल’.

साम्पुर्नो ब्रॉइन्झील या डच जलशास्त्रज्ञाने उष्ण कटिबंधातल्या अशा पुष्कळ निरीक्षणांतून एक विचार मांडला. जंगल दोन कामे करते. एका बाजूने ते पाणी पिते, दुसऱ्या बाजूने जमीन मऊ ठेवून पाणी मुरवते. मुरवणे पिण्यापेक्षा भारी पडले तर उन्हाळ्यातला ओढा टिकतो, पिणे भारी पडले तर आटतो. पश्चिम घाटात उत्तर कन्नड जिल्ह्यात जगदीश कृष्णस्वामी, माइक बॉनेल आणि सहकाऱ्यांनी हेच तपासले. कमी हाताळलेल्या जंगलाखाली पाणी अधिक मुरते आणि वापराने तुडवलेल्या जंगलातून पावसाच्या वेळीच अधिक वाहून जाते, असे त्यांना आढळले. भंडाऱ्याचा पाऊस घाटाच्या मानाने फारच कमी, म्हणून तिथला निष्कर्ष जसाच्या तसा इकडे आणता येणार नाही. पण इथला बहुतेक खडक जुना, कठीण आणि सच्छिद्रता नसलेला आहे. साकोलीच्या नावाने भूगर्भशास्त्रात एक अख्खा खडकसमूह ओळखला जातो. अशा खडकावर पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि भेगांत, म्हणजे जेवढी वरची कातडी जाड तेवढेच. ती कातडी जंगलाने धरून ठेवली आहे.

आणि इथे मामा तलाव मध्ये येतो. त्याच्याशिवाय भंडाऱ्याचा हिशेब पुरा होत नाही, आणि परदेशात तयार झालेल्या प्रारूपात तो नाही.

मामा म्हणजे माजी मालगुजारी. हे तलाव बांधले ते मुख्यतः कोहळी समाजाने. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीहून आणले अशी कथा आहे. तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन द्यायची, ही गोंड राजवटीची रीत होती, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडे ‘तुकूम’ नावाची गावे त्याची खूण सांगत अजून उभी आहेत. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळीने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. तो आता गोंदियात आहे, पण 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत तो भंडाऱ्याचाच. पूर्व विदर्भात असे तलाव साडेसहा हजारांहून अधिक मोजले गेले आहेत. बोड्या, म्हणजे त्याहून लहान तळी, त्याशिवाय. गावागावांतल्या या बोड्यांची एकत्र मोजदाद करायची तर एक वेगळे पुस्तक लागेल.

कोहळ्यांनी जागा कशी निवडली ते बघण्यासारखे आहे. टेकडीवर जंगल, टेकडी उतरते तिथे मातीची पाळ, पाळीखाली बांध्या, बांध्यांतून निघालेले पाणी खालच्या बोडीत, तिथून पुढच्या गावाच्या तलावात. याला मी तरी प्रारूपच म्हणेन. फरक एवढाच की ते कागदावर न मांडता मातीत मांडले, आणि ते चुकले तर मांडणाऱ्याचा धान वाळणार होता. त्यामुळे अंदाज जपून केले गेले.

आता एक अडचण. तलाव भरायचा तर पाणी वाहून यायला हवे. सगळेच मुरले तर पाळ कोरडी राहील. मग माळरानाचे ते दुप्पट पाणी तलावाला बरेच की! पाणी साठवायला तलाव आहेच, तर ते मागून येवो की पुढून, काय बिघडले? हा प्रश्न मला एका अभियंत्याने विचारला आणि त्याला उत्तर द्यायला माझी दोन वर्षे गेली. उत्तर गाळ हे आहे. उघड्या जमिनीवरून आलेले पाणी माती घेऊन येते. पहिल्या वर्षी तलाव लवकर भरतो, सांडवा वाहतो, गाव खूश होते. दहाव्या वर्षीही तो लवकरच भरतो, कारण आता त्यात मावतेच कमी. मोरीच्या तोंडाशी गाळ, कडेने बेशरमाचे रान, आणि माघातच तळ उघडा. झाडीने तलावाला दिले ते जास्त पाणी नव्हेच. तिने स्वच्छ पाणी दिले, आणि ते सावकाश दिले. भंडाऱ्यातल्या जंगलाची ‘सेवा’ एका शब्दात सांगायची तर ती तलावाचे आयुष्य राखण्याची आहे. वर्षाच्या पाण्याचा आकडा काढणाऱ्या प्रारूपात ती कुठेच दिसत नाही. तिच्यासाठी गाळाचे प्रारूप वेगळे चालवावे लागते आणि दोन्हींची उत्तरे एका तलावावर आणून जुळवावी लागतात. या पुस्तकात तसा प्रयत्न केला आहे.

तलावांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण ते अनेकांनी लिहिले आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. लोकांचे निस्ताराचे, म्हणजे रोजच्या गरजेपुरत्या वापराचे, हक्क कागदावर राहिले, पण पाळीवर फावडे मारायचे कुणी, हे ठरले नाही. वरचे जंगल वनखात्याकडे, तलाव जिल्हा परिषदेकडे किंवा पाटबंधारे खात्याकडे, मासोळी ढिवरांच्या संस्थेकडे, खालची जमीन शेतकऱ्याची. कोहळ्याने जे एका नजरेत पाहिले ते चार कार्यालयांत वाटले गेले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला सोबत घेऊन काही तलावांतले बेशरम काढले, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांच्या कामातून मी शिकलो ते हे, की तलावाबद्दल सर्वांत बारीक माहिती शेतकऱ्याला नसते, ढिवराला असते. पाणी कोणत्या बाजूने, कोणत्या रंगाचे येते, हे तो बिनचूक सांगतो.

नकाशांबद्दल सावध करायला हवे. जमीन-वापराचे नकाशे उपग्रहाच्या चित्रांवरून होतात. तीस मीटरच्या चौकोनात लहानशी बोडी हरवते. भाद्रपदातली बांधी कधी पाणी दिसते, कधी पीक. बेशरमाने झाकलेला तलाव झुडपी रान म्हणून रंगवला जातो. उलट, वनविकास महामंडळाची सागाची लागवड आणि ऐन, धावडा, मोह, तेंदू, बांबू यांचे मिश्र रान दोन्ही एकाच हिरव्या रंगात येतात. सागाचे पान मोठे. त्यावर साचलेल्या पाण्याचा थेंबही मोठा होऊन पडतो, आणि खाली झुडूप-पाचोळा नसेल तर माती उखडतो. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून लावलेली आग पाचोळा जाळून टाकते. झाडे उभी राहतात, नकाशा हिरवाच राहतो, आणि डब्यातले पाणी मात्र मुरायचे थांबते.  

मग हे गणित करायचेच कशाला, असे कुणी म्हणेल. करायचे, कारण आपण नाही केले तरी दुसरे कुणी करतेच. वनजमीन धरणाला, खाणीला किंवा रस्त्याला दिली की हेक्टरमागे निव्वळ वर्तमान मूल्य वसूल होते. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये मान्य केलेले दर 4 लाख 38 हजारांपासून 10 लाख 43 हजारांपर्यंत होते, पुढे ते वाढले. हा दर जंगलाचा प्रकार आणि दाटी पाहून ठरतो. त्या जंगलाखाली तलाव आहे की नाही, हे तो विचारत नाही. शिवनीबांध तलावाच्या डोक्यावरचे एक हेक्टर आणि कुणाच्याही तलावाला न लागणारे एक हेक्टर, दोन्हींची किंमत सारखीच. ही चूक भावनेने दुरुस्त होणार नाही. तिथे आकडाच लागेल, आणि तो आपल्या जमिनीवरून काढलेला लागेल.

जिल्ह्याची सीमा हीसुद्धा पाण्याच्या दृष्टीने एक थाप आहे. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशात, शिवनी जिल्ह्यात. बावनथडी तिकडूनच येते. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस भंडारा शहरात पाणी शिरले, तेव्हा वरच्या संजय सरोवरातून सोडलेले पाणी त्यात होते. आपल्या नदीला पाणी देणारे बरेचसे जंगल आपल्या मतदारयादीच्या बाहेर आहे. आणि खाली, पवनीजवळ, 1988 मध्ये पायाभरणी झालेले गोसीखुर्द. सुरुवातीचा अंदाज 372 कोटींचा, आज तो हजारो कोटींत मोजतात. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून याच जलाशयात उतरते. त्यावर कोणत्याही जंगलाचा इलाज नाही, आणि या पुस्तकातही तो नाही.

पुढची पाने वाचताना एक करा. प्रत्येक आकड्यापाशी थांबून विचारा: हे पाणी कोणत्या महिन्यातले, आणि कोणत्या पाळीपर्यंत पोहोचणारे? जिथे मला हे सांगता आले नाही, तिथे आकड्यापुढे फुली केली आहे. फुल्या बऱ्याच आहेत. त्या पुसायला नदीवरची मोजणी-केंद्रे पुरणार नाहीत, ती मोठ्या नद्यांवर आहेत, ओढ्यांवर नाहीत. तलावांवर मात्र आपण स्वतः मोजू शकतो. मोरीच्या भिंतीवर ऑइलपेंटने वितीवितीच्या खुणा करायला एक दुपार लागते. तुमच्या गावात मामा तलाव असेल तर तेवढे करा, आणि पोळा, दसरा, दिवाळी, संक्रांत आणि होळी अशा पाच दिवशी पाणी कोणत्या खुणेवर आहे ते वहीत लिहून ठेवा. सोबत तलावाचे नाव, वर जंगल आहे की पडीक, आणि त्या वर्षी आग लागली होती का, एवढे असले तरी पुरे. पुढच्या आवृत्तीत त्या नोंदी वापरायच्या आहेत.